मेसोथेलिओमा धूम्रपानाने होत नाही

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाचाच कर्करोग असून तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. हा रोग फुफ्फुसाच्या भोवतीच्या आवरणात, क्वचित उदरावरणात, सुरू होतो. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. १९६० मध्ये संशोधक वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत खाणीत कधीच काम न केलेले, केवळ निळ्या ॲस्बेस्टॉसच्या (त्याच खनिजाचा एक प्रकार) खाणींच्या परिसरात राहिलेले लोकही होते.

श्वासावाटे शिरलेले लांब, बारीक तंतू आवरणापर्यंत पोहोचतात. त्यांना गिळू पाहणाऱ्या भक्षकपेशींना तंतूची लांबी पेलत नाही, आणि त्या अर्धवट प्रयत्नात दाहकारक द्रव्ये सतत स्रवत राहिल्याने शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा होते. बीएपी-१ सारखी अर्बुदरोधक, म्हणजे कर्करोगाची गाठ होऊ न देणारी, जनुके निकामी होतात. संपर्कापासून निदानापर्यंत बहुधा २० ते ५० वर्षे जातात. इतक्या काळाने जुनी नोकरी कोणाला आठवते? समोरची सिगारेट मात्र दिसते.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा कर्करोगही होतो, आणि धूम्रपानाची जोड मिळाल्यास तो धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत असे आढळत नाही.

शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना उपयोगी पडते. पेमेट्रेक्सेड व सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांची जोडी दीर्घकाळ प्रमाण उपचार राहिली. २०२० मध्ये अमेरिकेत निवोलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांना फुफ्फुसावरणाच्या, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रोगासाठी मान्यता मिळाली. ही औषधे आयुष्य लांबवतात, रोग सहसा समूळ बरा करत नाहीत.