तैगा : तोम्स्कला बाजूला ठेवून गेलेल्या रुळांचे शहर

तैगा म्हटले की आपल्याला शाळेच्या भूगोलातले सूचिपर्णी अरण्यच आठवते. रशियात याच नावाचे शहर आहे आणि नावाचा हा घोटाळा तिथल्या लोकांच्याही वाट्याला येतो. ‘मी तैगात राहतो’ असे कोणी रशियनमध्ये म्हटले, तर तो जंगलात राहतो की शहरात, हे कानाला कळत नाही. लिहिताना मोठ्या लिपीतले पहिले अक्षर तेवढा फरक दाखवते. देवनागरीत तीही सोय नाही. म्हणून इथे तैगा म्हणजे शहर. जंगलाला जंगलच म्हटले आहे.

शहर केमेरोवो प्रांताच्या उत्तरेला, ट्रान्स-सायबेरियन लोहमार्गावर, मॉस्कोपासून साडेतीन हजार किलोमीटरांहून थोडे पुढे आहे. तोम आणि याया या नद्यांमधल्या जलविभाजकावर ते वसले आहे. दोन्हींचे पाणी शेवटी ओब या मोठ्या नदीलाच मिळते, पण शहराला स्वतःची अशी मोठी नदी नाही. सायबेरियातली जुनी गावे नदीकाठी वाढली. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची घसरगाडी. इथे ना घाट होता, ना किल्ला, ना बाजार. 1896मध्ये जंगल तोडून इथे वस्ती झाली, कारण तोम्स्क शहराकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथून फुटत होता.

तो फाटा का काढावा लागला, यावर आजही वाद होतात.

तोम्स्क 1604चे. सायबेरियातले पहिले विद्यापीठ तिथे 1888मध्ये सुरू झाले. 1897च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 52 हजार भरली आणि सायबेरियाच्या शहरांत ते अग्रभागी होते. मॉस्कोहून पूर्वेला जाणारा जुना गाडीरस्ताही त्याच शहरातून जाई. असे असताना मुख्य लोहमार्ग त्याच्या दक्षिणेकडून, सुमारे 80 किलोमीटर अंतर राखून गेला. यावर एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: रेल्वे आली तर घोडागाड्यांचा धंदा बसेल म्हणून तोम्स्कच्या व्यापाऱ्यांनीच ती नको म्हटले. तिचीच दुसरी तऱ्हा अशी, की सर्वेक्षण करणाऱ्यांनी लाच मागितली आणि शहराने ती दिली नाही.

या दोन्ही गोष्टी आता सोडून द्यायला हव्यात. रेल्वे आपल्या शहरातून जावी म्हणून तोम्स्ककरांनी राजधानीकडे अर्ज केले होते. ज्यांनी हात जोडले, त्यांनाच शंभर वर्षे ‘दार लावणारे’ म्हणून हिणवणे हा त्यांच्यावर धडधडीत अन्याय आहे.

खरे कारण ओबच्या पात्रात आहे. ही नदी बहुतेक ठिकाणी सखल, पुराच्या पाण्याने भरणाऱ्या काठांमधून पसरून वाहते. तिथे पूल बांधायचा म्हणजे लांबी आणि खर्च दोन्ही वाढणार, आणि पाया धरायला खडकही नाही. 1891मध्ये पाहणी करणाऱ्या एका अभियंत्याला (लेखक म्हणूनही त्याचे नाव झाले) क्रिवोश्चेकोवो गावाजवळ हवी ती जागा मिळाली. तिथे दोन्ही काठ आणि तळ खडकाळ होते, पात्र आवळलेले होते. नदी इथे ‘नळीत’ शिरते, असे तिथले शेतकरी म्हणत. पुलाचे काम 1893मध्ये सुरू झाले, 1897मध्ये पूल खुला झाला. पूल तिथे ठरला म्हणजे तोम्स्क बाजूला पडणेही ठरल्यासारखेच होते. त्या पुलापासून सरळ पूर्वेला निघालेली रेघ तोम्स्कला पोचत नाही. पोचवायची तर उत्तरेला दलदलीतून वळसा घ्यावा लागला असता. सरकारला पॅसिफिकपर्यंत लवकर आणि स्वस्तात पोचायचे होते. निर्णय अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य होता, असेच माझे मत आहे. त्याची किंमत तोम्स्कने मोजली. पुलाजवळची मजुरांची वस्ती म्हणजे आजचे नोवोसिबिर्स्क. 1962पर्यंत तिथे दहा लाख लोक झाले.

एवढे होऊनही सायबेरियन रेल्वेची कचेरी सुरुवातीला तोम्स्कमध्येच होती. 1905च्या ऑक्टोबरात जमावाने ती इमारत आतल्या माणसांसकट पेटवली. त्याच वर्षी तैगाच्या रेल्वे कामगारांतही संप झाला. तो घडवून आणणाऱ्यांतला एक तरुण पुढे लेनिनग्राडचा पक्षप्रमुख झाला. तैगाला शहराचा दर्जा 1911मध्ये मिळाला. पूर्वेला जवळच अंझेरो-सुजेन्स्कच्या खाणी होत्या, त्यांचा कोळसा इंजिनांना मिळे.

डिसेंबर 1919मध्ये हे स्टेशन अचानक इतिहासाच्या मध्यभागी आले. रशियन यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध लढणारे श्वेत सैन्य पूर्वेला मागे हटत होते आणि गाड्यांमागे गाड्या रुळांवर अडकून पडल्या होत्या. 9 तारखेला श्वेत सरकारचा पंतप्रधान आणि त्याचा सेनापती भाऊ या दोघांनी आपल्याच बाजूच्या सरसेनापतीला तैगा स्टेशनवर अटक केली. दोन आठवड्यांनी, 23 तारखेला, श्वेतांची पिछाडी सांभाळणाऱ्या पोलिश तुकड्यांशी लढून बोल्शेविकांच्या लाल सैन्याने स्टेशन घेतले.

प्रांतांच्या सीमांनी गुंता आणखी वाढवला. 1925मध्ये सायबेरियाचा कारभार ओबकाठच्या नव्या शहराकडे गेला आणि तोम्स्कचा जुना मान संपला. 1943मध्ये केमेरोवो प्रांत झाला, तैगा त्यात गेले. ऑगस्ट 1944मध्ये तोम्स्क पुन्हा प्रांताचे ठाणे झाले, पण तोवर त्याचे रेल्वेचे दार दुसऱ्याच्या अंगणात गेले होते. ऑक्टोबर 2014 ते मे 2016 या काळात तर दोन्ही शहरांच्या घड्याळांत एका तासाचे अंतर होते, आणि वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेने छापलेले असे. 1 ऑगस्ट 2018पासून रेल्वे स्थानिक वेळ दाखवते.

फाटा नंतर तोम्स्कच्या पुढे, 1939मध्ये आसिनोपर्यंत आणि सत्तरच्या दशकात बेली यारपर्यंत गेला. तिथून पुढे तो कोणत्याच मार्गाला मिळत नाही. मॉस्कोहून तोम्स्कला जाणारी गाडी आजही तैगाच्या फलाटावर थांबून राहते. विजेचे इंजीन सोडतात, डिझेलचे आणून लावतात. डोक्यावरच्या तारा मुख्य मार्गाबरोबर पूर्वेला निघून जातात. उत्तरेच्या फाट्यावर त्या नाहीत.