साडेतीन टक्के ओल

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, परवा सकाळी तासभर नुसता उभा होतो. ओळखीच्या सुपरवायझरनं आधी भट्टीकडं नेलंच नाही, नेलं ते कोपऱ्यातल्या एका चिंचोळ्या खोलीत. तिथं विशीतला एक पोरगा मिक्सरमधून आणलेली सँड मुठीत दाबत होता, मधोमध मोडून तिची कड निरखत होता. मग त्यातलीच थोडी तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची आणि फरक, म्हणजे ओलीचा टक्का, वहीत लिहायचा. ३.४. तासाभरानं पुन्हा. ३.६.

"चारच्या वर गेलं की ब्लो होल आलंच म्हणून समजा सर," सुपरवायझर म्हणाला. "आन् तीनच्या खाली गेलं की मोल्ड ढासळतोय."

साच्याच्या वाळूत ओल लागतेच, कारण बेंटोनाइट नावाची चिकणमाती पाण्याशिवाय वाळूचे कण धरून ठेवत नाही. पण चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस (फाउंड्रीच्या भाषेत 'हीट') त्यात ओतला की त्याच ओलीची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही तर ती रसात अडकते आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, पोटात पोकळी राहते. तेच ब्लो होल. वरून माल ठणठणीत दिसतो, मशिनिंगला गेला की भोक उघडं पडतं. मग रिजेक्शन, पुन्हा भट्टी, विजेचं बिल दोनदा. म्हणून दर तासाला ही वही.

कोल्हापूर परिसरात अशा तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. शेतीपंपांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता उद्यमनगरात हे कसब रुजलं आणि पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असं पसरत गेलं. देशाची आर्थिक वाढ आपण टीव्हीवर एका टक्केवारीत ऐकतो, पण तिच्या तळाशी असल्या वह्या असतात. त्या खोलीत उभं असताना डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: कोल्हापूरचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याची अशी वही शहरात किती जणांनी पाहिली असेल?

आधी वाढीचा हिशेब उरकून घेऊ. आपल्याकडं सावकारीतला दामदुप्पट हा शब्द जुना आहे. किती वर्षांत दामदुप्पट होईल हे काढायची सोपी युक्ती म्हणजे ७० ला वाढीच्या दरानं भागायचं. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशकं भारताचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. राज कृष्ण या अर्थतज्ज्ञांनी त्याला 'हिंदू ग्रोथ रेट' असं खोचक नाव दिलं होतं. या दरानं देशाचं उत्पन्न २० वर्षांत दुप्पट होतं. पण खाणारी तोंडंही वर्षाला सव्वादोन टक्क्यांनी वाढत होती, त्यामुळं माणशी वाढ जेमतेम सव्वा टक्का. म्हणजे माणशी दुप्पट व्हायला पन्नासहून जास्त वर्षं. आजोबांचं उत्पन्न दुप्पट झालेलं नातवानं बघायचं! १९९१ नंतर गाडीनं वेग घेतला. दर सहा-सात टक्क्यांवर गेला, लोकसंख्येची वाढ मंदावली, माणशी पाच टक्के धरले तर १४ वर्षांत दुप्पट. पोरगं पहिलीत जाताना घरात जे येत होतं, ते पोरगं इंजिनिअर व्हायच्या आत दुप्पट. ही सरासरी आहे, प्रत्येक घरात असं झालं असं नव्हे. तरी माणसांच्या इतिहासात ही काही लहान गोष्ट नाही, आणि तिला नाकं मुरडणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

मात्र जीडीपी हा भोळा आकडा आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं नाही म्हणून वीस लिटरचा जार मागवला, की जीडीपी वाढतो. काविळीनं दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरी वाढतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. त्या वर्षी दवाखान्यांत झालेला खर्चही उत्पन्नाच्याच रकान्यात गेला असणार.

आता दुसरी बाजू. आपलं सरकार सगळीकडंच नापास होतं असा एक सूर चहाच्या टपरीवर कायम असतो. तो खरा नाही. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. २०२४ च्या लोकसभेला ६४ कोटी लोकांनी मतदान केलं. ज्या देशाला हे जमतं, त्याला गल्लीतलं गटार का जमू नये? लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी २००९ साली भारताच्या सरकारला एक शब्द वापरला, त्याचा आशय असा की डोकं शाबूत आहे पण हातपाय डोक्याचं ऐकत नाहीत. देवेश कपूर यांनी २०२० साली हाच प्रश्न उलटसुलट तपासला. त्यातून निघणारं उत्तर साधारण असं: ज्या कामाला तारीख असते, जे मोहीम म्हणून उरकता येतं, ते आपल्याला झकास जमतं. जे रोज, न चुकता, कुणी बघत नसताना करायचं असतं, तिथं आपण ढेपाळतो.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला परदेशी विद्वान नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी इथल्या शेंबड्या पोराला पाठ असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक, हे रिक्षावालासुद्धा सांगतो. (त्या दरवाज्यांची गंमत अशी की कुणी बटण दाबत नाही, कुणाची सही लागत नाही. पाणी ठरल्या उंचीला आलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, उतरलं की मिटतो.) २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, पेट्रोल आणि दुधाची मारामार झाली. २०२१ ला पुन्हा ५५ च्या वर. पण या खेपेला नदीकाठची बरीच माणसं आणि जनावरं पाणी चढायच्या आत हलली होती. दोन वर्षांत प्रशासन शिकलं. कारण आकडा चव्हाट्यावर होता, आणि फूट-इंचात होता.

त्याच नदीचा दुसरा आकडा घ्या, बीओडी. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. एका लिटरमागं किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडला, तो बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो तीनपर्यंत चालतो. पण हा आकडा डोळ्यांना दिसत नाही. नमुना बाटलीत भरून अंधारात, २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, तेव्हा कुठं कळतो. तोवर ते पाणी इचलकरंजीच्या पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून गेलेलं असतं. जयंती नाल्याचं सांडपाणी पंपांनी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं अशी व्यवस्था आहे. वीज गेली, पंप बसला किंवा जोराचा पाऊस आला की ते बांधावरून थेट नदीत उतरतं. पुराचं पाणी जयंती पुलावर आलं तर अख्खं गाव बघायला लोटतं. सांडपाणी नदीत उतरलं तर मासे मरून वर येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणजे मोजा की झालं? इतकं सोपं नाही, आणि या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं संशोधन नेमकं हेच दाखवतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सरकारी नर्सबाईंच्या हजेरीचा प्रयोग केला. उपकेंद्रावर वेळ छापणारं यंत्र ठेवलं आणि गैरहजेरीला पगारकपात लावली. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी जवळपास दुप्पट झाली. सोळा महिन्यांनी पाहिलं तर फरक शून्य. यंत्र चालूच होतं! झालं असं, की वरच्या कार्यालयानं 'आज सूट', 'आज मीटिंग', 'आज दौरा' असे शेरे मारायला सुरुवात केली होती. मोजमाप होतं, पण त्या आकड्यानं वरच्या साहेबाचं काहीच अडत नव्हतं.

याच्या उलट तेलंगणात २०१८ साली घडलं. तिथं शेतकऱ्यांना एकरी चार हजारांचे चेक वाटायचे होते. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून काही मंडलं (तालुक्यासारखे भाग) निवडली आणि तिथल्या कृषी अधिकाऱ्यांना एवढंच कळवलं, की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून चेक मिळाला का, कधी मिळाला हे विचारलं जाणार आहे. बढती नाही, दंड नाही. तेवढ्यानं जास्त शेतकऱ्यांना चेक मिळाले आणि वेळेवर मिळाले. फरक छोटा होता, पण खर्च फोनच्या बिलाइतका. इथं आकडा ज्याची गरज होती त्याच्या तोंडून येत होता. मधल्या कुणाला 'सूट' मारता येत नव्हती.

फाउंड्रीत हे आपोआप जमतं. ओल चुकली की आठवड्यात माल परत येतो आणि नुकसान मालकाच्या खिशातून जातं. नाल्यामुळं नुकसान होतं ते खाली इचलकरंजीत, शिरोळ तालुक्यात. त्यांचं मत इथल्या प्रभागात नाही.

टोलचं आठवून बघा. शहरातल्या जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांसाठी टोल लागला आणि हे गाव पेटून उठलं. प्रा. एन. डी. पाटलांसारखा ऐंशी पार केलेला माणूस उन्हात मोर्चाच्या पुढं होता. २०१५ च्या अखेरीस टोल गेला. मला त्या लढ्याचा अभिमान आहे. पण टोल नाक्यावर दिसत होता, पावतीवर रक्कम छापलेली होती. बीओडीची पावती कुणी फाडत नाही, म्हणून त्याच्यावर मोर्चाही निघत नाही.

यात पैशाचाही भाग आहे, आणि तो लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांकडं १८ विषय सोपवण्याची तरतूद केली, तिजोरी मात्र सोपवली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातल्या सगळ्या महापालिकांचं उत्पन्न मिळून जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतंय. ब्राझीलमध्ये हेच सात टक्के, दक्षिण आफ्रिकेत सहा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता पालिकेनं राज्याच्या अनुदानाकडं डोळे लावायचे आणि घरफाळ्यावर ओढायचं.

त्यात आपली हद्द. १९७२ साली कोल्हापूरची नगरपालिका महापालिका झाली, पण पुढची पन्नास वर्षं हद्द होती तिथंच राहिली, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. उपग्रहातून रात्रीचे दिवे मोजून वाढीचा अंदाज काढायची एक पद्धत आहे. तसं बघितलं तर शिरोलीपासून कागलपर्यंत दिव्यांची माळ लागलेली दिसेल, आणि शहर कुठं संपलं हे सांगता येणार नाही. नकाशावर मात्र गाव बदलतं, कर बदलतो, गटाराचा मालक बदलतो. भोवतालच्या गावांचा हद्दवाढीला विरोध आहे. "आहे त्या शहराचं काय केलंत ते आधी दाखवा" हा त्यांचा सवाल मला बिनतोड वाटतो. २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण झालं. कारखानदार आपल्यापुरतं बघतो: जनरेटर, बोअर, टँकर, कामगारांसाठी बस. म्हणजे प्रत्येक मोठ्या शेडमागं एक खासगी नगरपालिका. ती ज्याला परवडत नाही, तो दोन खणांचा वर्कशॉपवाला उद्यमनगरात आहे तिथंच राहतो.

हे सगळं मी चहा घेताना सुपरवायझरला जमेल तसं सांगत होतो. त्यानं विचारलं, "मग शहराची माणसं तरी किती धरत्यात?" ५,४९,२३६, मी म्हणालो. २०११ च्या जनगणनेचा आकडा. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ला. तोवर पाणी, सांडपाणी, कचरा, सगळ्या हिशेबाला पाया म्हणून अधिकृत मोजणी ती एवढीच.

"म्हंजे पंधरा वर्सांमागची ओल धरून आजची हीट वतायची म्हणा की," तो म्हणाला, आणि भट्टीवरून कुणीतरी हाक मारली म्हणून कप तसाच ठेवून गेला.