बोबन मार्यानोविच : परदेशातली कारकीर्द

बोबन मार्यानोविच हा सर्बियाचा बास्केटबॉलपटू, सेंटर (म्हणजे रिंगजवळ खेळणारा, सहसा टीममधला सगळ्यात उंच खेळाडू), उंची जवळपास 7 फूट 4 इंच, म्हणजे टाचा थोड्या उचलल्या की हात थेट रिंगपर्यंत जातो. जन्म 15 ऑगस्ट 1988, पूर्व सर्बियातलं बोल्येवात्स हे छोटंसं गाव. हेमोफार्म क्लबकडून सुरुवात केली आणि 2010 मध्ये मॉस्कोच्या सीएसकेएकडं गेला, पण तिथं जम बसला नाही, मग लिथुआनियातलं झाल्गिरिस, रशियातलं निझनी नोव्हगोरोद असं फिरून परत मायदेशी आला. बाहेर फार काही हाती लागलं नव्हतं, तरी हाच माणूस नंतर 2013 ते 2015 सलग तीन वर्षं सर्बियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2014-15 च्या युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, बेलग्रेडच्या त्स्र्वेना झ्वेझ्दाकडून (म्हणजे 'लाल तारा') मॅचमागे 16.6 पॉइंट आणि 10.7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढले, रिबाउंडमध्ये अख्ख्या स्पर्धेत पहिला.

त्याच्या जोरावर 2015 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, सॅन अँटोनियो स्पर्सनी त्याला एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, घेतलं. आणि इथून त्याच्या करिअरचा खरा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे मिनिटांचा. पहिल्या सीझनमध्ये 54 मॅच खेळला, मॅचमागे जेमतेम 9.4 मिनिटं मिळाली आणि तेवढ्यात 5.5 पॉइंट काढले, शॉट तर 60 टक्क्यांच्या वर पडायचे. 2016 ला डेट्रॉइट पिस्टन्सनी 3 वर्षांचं 2 कोटी 10 लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं पण तिथं आंद्रे ड्रमंड आधीच सेंटरला होता त्यामुळं बेंचवरच. नंतर क्लिपर्स, फिलाडेल्फिया, डॅलस, ह्यूस्टन, 2024 पर्यंत सहा टीम झाल्या, 48 मिनिटांच्या मॅचमध्ये एकाही पूर्ण सीझनचा ॲव्हरेज 12 मिनिटांवर गेला नाही.

याचं कारण बास्केटखाली नव्हतं, तिथं त्याला अडवणं कुणालाच जमायचं नाही, आणि उंच सेंटर सहसा फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा शॉट) अडखळतात तसाही तो नव्हता. अडचण डिफेन्सची. तो आला तेव्हा लीग थ्री पॉइंटरकडं, म्हणजे लांबून टाकायच्या तीन पॉइंटच्या शॉटकडं, वळली होती, समोरची टीम पिक अँड रोल करून (एकानं डिफेंडरची वाट अडवायची आणि मग स्वतः रिंगकडं वळायचं) त्याला रिंगपासून लांब ओढायची, आणि चपळ गार्डच्या (बॉल हाताळणाऱ्या, बुटक्या खेळाडूच्या) मागं धावायला त्याचे पाय कमी पडायचे. कोचचं गणित समजतं, तरी माझ्या मते त्याला जास्त मिनिटं द्यायला हवी होती, कारण दिली तेव्हा काय झालं ते 11 मार्च 2020 ला दिसलंच. डेन्व्हरविरुद्ध डॅलसकडून 31 पॉइंट, 17 रिबाउंड, करिअरमधला सगळ्यात मोठा स्कोअर, आणि नेमकी ती मॅच चालू असतानाच कोरोनामुळं एनबीएनं सीझन थांबवल्याची बातमी आली.

डॅलसमध्ये त्याचा जोडीदार लुका डॉन्चिच, आणि 2017 च्या युरोबास्केट फायनलमध्ये इस्तंबूलला सर्बियाला हरवणाऱ्या स्लोव्हेनियाच्या टीममध्ये हाच लुका होता, बोबनला तेव्हा सिल्व्हर मेडलवर थांबावं लागलं. दोघांची पुढं घट्ट दोस्ती झाली. टोबायस हॅरिसशी तर इतकी की डेट्रॉइट, क्लिपर्स, फिलाडेल्फिया अशा तीन टीममध्ये दोघं बरोबर होते, दोन ट्रेडमध्ये (टीममधली खेळाडूंची अदलाबदल) एकत्रच गेले.

14 एप्रिल 2024 ला लॉस एंजेलिसमध्ये ह्यूस्टनकडून खेळताना एक फ्री थ्रो हुकला. चौथ्या क्वार्टरमध्ये पाहुण्या टीमच्या खेळाडूचे सलग दोन फ्री थ्रो हुकले तर प्रेक्षकांना चिकन सँडविच फुकट अशी तिथं स्कीम होती. बोबननं प्रेक्षकांकडं बघून स्वतःकडं बोट दाखवलं आणि दुसरा मुद्दाम हुकवला, समोरच्या टीमचं अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी ओरडत होतं. त्याच वर्षी तो एनबीए सोडून इस्तंबूलच्या फेनेरबाहचेकडं, परत युरोपात गेला.