ईजीटी सेन्सर गेला की सर्किट गेलं?

स्कॅनरवर पी०५४६, म्हणजे ईजीटी (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान मोजणाऱ्या) सेन्सरच्या सर्किटचा कोड, दिसला की "सेन्सर बदला", हे ऐकून कान किटले माझे. अरे, कोडमध्ये सर्किट लिहिलंय ना? म्हणजे सेन्सर, दोन वायरी, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळी वरात आली त्यात. सेन्सर काय करतो ते माहीत आहेच, एक्झॉस्टमध्ये बसून तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलतो. ऑक्सिजन सेन्सरला बहुतेक वेळा चार वायरी, ह्याला दोन, संपला विषय.

खरी गोची आहे ती 'लो' आणि 'हाय'ची. पी०५४५ लो, पी०५४६ हाय, आणि लोकांना वाटतं धूर थंड किंवा गरम. नाही हो, ते व्होल्टेज आहे! ईसीयू साधारण ५ व्होल्ट सोडतो, वायर तुटली किंवा पिन सुटली की ते ५ तसेच राहतात म्हणून हाय, आणि सिग्नलची वायर घासून बॉडीला टेकली की शून्य म्हणून लो. स्क्रीनवरचं तापमान मात्र सेन्सरच्या जातीवर, एनटीसीवाल्यात (तापला की रेझिस्टन्स कमी होतो) वायर तुटली की बर्फ दाखवेल, प्लॅटिनमवाल्यात (तापला की वाढतो) तीच तुटलेली वायर भट्टी दाखवेल. म्हणून मी तो आकडा बघतच नाही.

मग सेन्सर की वायर? चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढा. हाय असेल तर वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि कोड पुसून परत बघा. लो आला तर वायर आणि ईसीयू ठीक, बदला सेन्सर खुशाल. हायच राहिला तर नवा सेन्सर घालून काय उपयोग? लो असेल तर उलटं, कपलर नुसता काढा, हाय झाला तर सेन्सर आतून शॉर्ट, लोच राहिला तर वायर कुठेतरी टेकलीय, नाहीतर ईसीयू.

पण ह्या सगळ्याच्या आधी पिना बघा बाबांनो. माझ्या गाडीला म्हापशात एकाने न बघताच नवा सेन्सर मारला आणि गणेशचवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान डिकीत, चेक इंजिनची लाइट परत पेटली. घरी येऊन मीच कपलर उघडला तर वायरिंगकडची एक पिन हिरवीगार, खारी हवा आणि आमचा पाऊस, दुसरं काय होणार. पिन साफ केली, लाइट गेली, जुना सेन्सर अजून डिकीत पडलाय, चांगला आहे तो.

आणि वायरीत सुई टोचून व्होल्टेज बघणाऱ्याला मी गाडीजवळ उभा करत नाही, त्याच भोकातून जूनमध्ये पाणी शिरतं.