पेठेतली टॉकीज (सोलापूर)

पेठेतली टॉकीज : एकच पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी आणि दारात हाऊसफुल्लचा बोर्ड असलेले, एखाद्या वस्तीचे म्हणून ओळखले जाणारे चित्रपटगृह. सोलापुरात पाडून टाकलेल्या चित्रपटगृहांचा उल्लेखही याच शब्दाने होतो. ‘टॉकीज’ हा शब्द बोलपटाबरोबर आला. ‘आलम आरा’ मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी झळकला, पुढच्याच वर्षी मराठी बोलपट सुरू झाले. चित्र बोलते याचे नवल केव्हाच ओसरले, तरी सोलापूरकराने शब्द काही सोडला नाही. थिएटर म्हटले की नाटकही असू शकते. टॉकीज म्हणजे पिक्चरच.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. टॉकीजचे तीन, सहा आणि नऊचे खेळ या घड्याळात बसून गेले. पूर्व भागातल्या विणकरांची भाषा तेलुगू, शहराच्या बऱ्याच घरांत कन्नड, बाजारात दखनी आणि सगळीकडे मराठी. त्यामुळे तिकिटाच्या एका रांगेत चार भाषांत धक्काबुक्की होई. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला खेड्यापाड्यांतून आलेली माणसे यात्रेबरोबर एखादा पिक्चरही उरकून जात.

‘कलात्मक चित्रपटांचे गृह’ अशी पाटी कुठल्या टॉकीजवर नव्हती. ते काम मॅटिनीने केले. तीनच्या आधीची ही पडेल वेळ भाड्याने स्वस्त. देशातल्या फिल्म सोसायट्यांचा, म्हणजे असे चित्रपट सभासदांना दाखवणाऱ्या मंडळांचा, महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले. जिल्ह्याच्या गावी अशा चित्रपटांची वाट बहुधा रविवार सकाळच्या खेळातूनच जाई. राज्यात चित्रपटगृहांवर वर्षाकाठी चार आठवडे, म्हणजे ११२ खेळ, मराठी चित्रपट लावण्याचे बंधन आले. तेही अनेक मालक मॅटिनीत भागवत. मालकाने नाइलाजाने लावलेला खेळ एखाद्या कॉलेजच्या पोराला आयुष्यभर पुरे, हा या व्यवहारातला गमतीचा भाग. शालेय शिक्षण सोलापुरात झालेले जब्बार पटेल १९७० च्या दशकात मराठी चित्रपटाकडे वळले, तेव्हा अशा चित्रपटांना गावोगाव थोडाफार प्रेक्षक मिळाला त्यात मॅटिनीचा वाटा आहे.

टॉकीजची खरी जादू मात्र वरच्या केबिनमध्ये होती. पिक्चरची प्रत, म्हणजे प्रिंट, पत्र्याच्या पेट्यांतून येई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे हजार फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपे आणि अडीच तासांच्या पिक्चरला तशी १४ रिळे लागत. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी; काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप फिरवायची. ठिपका चुकला तर पडदा पांढरा फटक आणि खाली शिट्ट्या. प्रकाशासाठी झेनॉनचे दिवे येण्यापूर्वी दोन कार्बन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवत. कांड्या जळत जात, मधले अंतर हाताने सांभाळावे लागे. ऑपरेटरचे लक्ष हटले की नायिकेचा चेहरा पिवळा पडू लागे. खालचा प्रेक्षक याला पिक्चरचाच दोष समजे.

ऱ्हासाची कारणे इतर शहरांसारखीच: आधी दूरदर्शन, मग व्हिडिओ, नंतर मॉल आणि मल्टिप्लेक्स. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत फिल्मची प्रिंट जवळपास नाहीशी झाली आणि डिजिटल यंत्राचा खर्च रिकाम्या बाल्कनीच्या जिवावर निघेना. त्यापेक्षा मोक्याच्या पेठेतली जागा कितीतरी पटींनी मोलाची होती. प्रोजेक्टर भंगारात किलोवर गेले.

आठवणी सांगणाऱ्यांच्या बोलण्यात पिक्चरच्या नावांइतक्याच ‘तुकड्यां’च्या गोष्टी येतात. रीळ मध्येच तुटले की ऑपरेटर फाटलेल्या चौकटी कात्रीने कापून दोन टोके फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या चिकट द्रावाने, चिकटवी आणि तुकडे केबिनच्या खिडकीतून खाली टाकी. टॉकीजच्या मागच्या बोळात पोरे त्यासाठी टपलेली असत. फुकट गेलेला विजेचा बल्ब फोडून आतले काढायचे, त्यात पाणी भरायचे, की भिंग तयार. दारे-खिडक्या लावून अंधार करायचा, एकाने उन्हात आरसा धरून फटीतून तिरीप आत पाठवायची, मध्ये तुकडा धरायचा. धोतराच्या पडद्यावर चित्र उमटे, पण उलटे; मग तुकडा खालचा वर करून धरायचा. हलत नसे, बोलत तर नसेच. फूटभर तुकडा म्हणजे पाऊण सेकंदाहूनही कमी. पण पुढच्या खेळाला त्या जागी पिक्चर टचकन उडी मारी आणि पिटात, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागेत, बसलेल्या एखाद्या पोराला माहीत असे की मधला भाग आपल्या कंपासपेटीत आहे.