आडव्या पट्ट्यांचा कुर्ता

माझी भाची अलिबागची. इंजिनिअरिंग संपलं आणि पहिली नोकरी लागली ती थेट नागपुरात. रुजू व्हायचं एप्रिलच्या शेवटी. जाण्याआधी कपडे घ्यायला आम्ही दोघी पुण्यात लक्ष्मी रोडला गेलो. तिला एक राखाडी सुती कुर्ता आवडला होता, त्यावर काळ्या बारीक आडव्या रेघा. अंगाला लावून आरशात बघितलं आणि तिने तो परत ठेवून दिला. "नको मावशी, आडव्या पट्ट्यांत मी अजूनच जाड दिसेन." दुकानातल्या ताईंनी मान डोलावली आणि उभ्या रेघांचे चार कुर्ते समोर टाकले.

हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, दिलेलाही आहे. गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच एका मोठ्या शास्त्रज्ञाने याच्या नेमकं उलट लिहून ठेवलं होतं. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डोळा आणि दृष्टी यांचा अभ्यास करत होता. 1867 साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात दोन चौरसांची एक आकृती आहे. एक चौरस नुसत्या आडव्या रेघांचा, दुसरा नुसत्या उभ्या रेघांचा. दोन्ही मापाने अगदी सारखे. पण बघणाऱ्याला आडव्या रेघांचा चौरस उंच आणि अरुंद वाटतो, उभ्या रेघांचा बुटका आणि रुंद. तिथेच त्याने बायकांच्या पोशाखाचा दाखला दिला आहे: आडव्या पट्ट्यांच्या झग्यात अंगकाठी उंच दिसते.

घरी करून बघा. कागदावर दहा सेंटिमीटरचे दोन चौरस आखायचे, बाहेरची चौकट मात्र काढायची नाही. एकात आडव्या रेघा, दुसऱ्यात उभ्या, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर. कागद भिंतीला लावून चार पावलं मागे या. पट्टीने मोजलेलं असूनही डोळा ऐकत नाही. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की मोकळ्या अंतरापेक्षा खुणांनी भरलेलं अंतर डोळ्याला लांब वाटतं. आडव्या रेघा वरपासून खालपर्यंत एकावर एक रचलेल्या असतात, म्हणून उंचीचं अंतर भरतं आणि ती वाढल्यासारखी वाटते.

पण चौरस म्हणजे माणूस नव्हे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी किरियाकी मिकेलिडू यांनी हाच भ्रम कपड्यांवर तपासला. लोकांना बायकांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या, एकीच्या अंगावर आडवे पट्टे, दुसरीच्या अंगावर उभे, आणि जास्त रुंद कोण दिसते ते विचारलं. अंगाने सारख्याच असलेल्या दोघींत आडव्या पट्ट्यांची बाई बारीक ठरली. हा निबंध 2011 सालचा. दोनच वर्षांनी जपानमधल्या हिरोयुकी आशिदा आणि सहकाऱ्यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. त्यांच्या प्रयोगात सडपातळ आकृतीला आडव्या पट्ट्यांचा फायदा झाला, पण आकृती जसजशी भरलेली होत गेली तसतसा तो कमी होत गेला.

म्हणजे दुकानातल्या ताई साफ चुकल्या असंही नाही आणि बरोबर होत्या असंही नाही. एकच नियम सगळ्या बांध्यांना लावता येत नाही, एवढं मात्र नक्की. मी भाचीला तो कुर्ता घालायला लावला, दहा फुटांवरून मोबाईलवर फोटो काढला, मग उभ्या रेघांच्या कुर्त्यातला काढला. आरशात आपण स्वतःला फार जवळून बघतो आणि नजर थेट आपल्याला खुपणाऱ्या जागेवर जाते. फोटोत पूर्ण माणूस दिसतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर तिनेच आडव्या रेघा निवडल्या.

आपल्या साडीत तर दोन्ही रेघा एकत्र नांदतात. निऱ्या उभ्या, काठ आडवा. निऱ्या बारीक आणि सारख्या घातल्या की कमरेपासून पावलापर्यंत नजरेला सरळ वाट मिळते. रुंद काठ त्या वाटेला खाली अडवतो. म्हणून बुटक्या अंगकाठीच्या मुलीला बारीक काठ खुलतो आणि उंच मुलीला पैठणीचा रुंद काठ पेलतो, असं आपल्याकडच्या जाणत्या बायका सांगत आल्या. साडी आणि पोलकं एकाच रंगाचं असलं तर नजर कमरेशी थांबत नाही, उंची सलग वाटते. वेगळ्या रंगाचं पोलकं अंगाचे दोन भाग करतं. कुणाला हे हवं असतं, कुणाला नको असतं. खूप उंच मैत्रिणी माझ्या पाहण्यात आहेत, ज्यांना उंची मोडायचीच असते.

काळ्या रंगाबद्दलचा सल्ला मात्र बराचसा खरा. उजेडातली पांढरी वस्तू तेवढ्याच मापाच्या काळ्या वस्तूपेक्षा मोठी भासते. गो या पटखेळातल्या सोंगट्या याची उत्तम साक्ष देतात. पारंपरिक काळी सोंगटी सुमारे 22.2 मिलिमीटर व्यासाची असते आणि पांढरी 21.9. पांढरी मुद्दाम लहान करतात, तेव्हा कुठे पटावर दोन्ही सारख्या दिसतात. काळ्या कापडाचा दुसरा गुण म्हणजे त्यावर सावल्या उठत नाहीत. पोटाची गोलाई, कमरेवरची वळी हे सगळं आपल्याला उजेड आणि सावली यांच्या फरकातून कळतं. बिनचकाकीच्या गडद कापडावर हा फरकच पुसला जातो. साटीनचं उलट आहे. काळं असलं तरी प्रत्येक उंचवट्यावर त्याची चमक उठते, आणि ती चमकच आकार सांगते.

तरी रंग आणि रेघा या दुसऱ्या पायरीच्या गोष्टी. पहिली पायरी मापाची, आणि तिथे आपल्यावर खरा अन्याय होतो. तयार कपड्यांवरची एस, एम, एल ही मापं बहुतेक परदेशी माप-तक्त्यांवरून आली आहेत. खांदा बसला तर कंबर सैल, कंबर बसली तर दंड आवळतो, आणि ट्रायल रूममधून मुली स्वतःच्या अंगाला दोष देत बाहेर येतात. हे मला मनापासून बोचतं. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या मापांचा अभ्यास 2005 साली पुढे आला. त्यात ज्याला आदर्श समजतात तो डमरूसारखा बांधा जेमतेम 8 टक्के स्त्रियांचा निघाला. जवळपास निम्म्या स्त्रियांची छाती, कंबर आणि नितंब यांत फारसा फरकच नव्हता. भारतीय मापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिक्षणसंस्था यांनी 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25,000 स्त्रीपुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी त्याची आखणी.

तोवर आपला शिंपी आहेच. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, नीट बसला की हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर ओढला जात नाही. सपाट कापडाला गोलाई येते ती टक्सने, म्हणजे शिवलेल्या चिमटीने. कटोरी पोलक्यात तुकडे जोडून तीच गोलाई आणखी नेमकी साधतात. आणि उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड! विणलेल्या कापडाला उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, ते जवळजवळ ताणलं जात नाही. आडव्या दिशेने थोडंसं. पण कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढलं की चौकटी शंकरपाळ्यासारख्या तिरक्या होतात आणि कापड लांबतं. धागा ताणला जात नाही, धाग्यांमधला कोन बदलतो. उरेबात कापलेला घेर म्हणूनच अंगावर पाण्यासारखा पडतो. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी 1920 च्या दशकात याच गुणावर आपली सगळी कला उभी केली. भाचीच्या कुर्त्याला आमच्या शिंप्याने मुंढा अर्धा इंच उतरवून दिला आणि बाजूच्या शिवणी थोड्या आत घेतल्या. कुर्ता नवा वाटायला लागला.

आता राहिला नागपूरचा उन्हाळा. आराम करतानाही आपलं शरीर सुमारे 100 वॅट उष्णता तयार करत असतं, चालताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. ती बाहेर टाकावीच लागते. त्वचा असते 35 अंशांच्या आसपास. मे महिन्यातल्या विदर्भात हवा 45 अंशांवर जाते, म्हणजे वारा आपल्याला थंड करत नाही, तापवतो. उरतो एकच मार्ग, घाम वाळणं. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाची जवळपास पावणेसात तासांची उष्णता एवढी होते.

म्हणून विदर्भातला शेतकरी उन्हात अंग उघडं टाकत नाही. धोतर, पूर्ण बाह्यांचं सैल कुडतं, डोक्याला आणि कानाला दुपट्टा. ऊन आणि झळ कापड अडवतं आणि आतल्या मोकळ्या जागेत घाम वाळतो. कोकणात याच्या उलट. तिथे हवा 33-34 अंशांचीच, पण बाष्पाने भरलेली. घाम वाळायला जागाच नाही. तिथे पातळ, आखूड आणि सैल कपडा हवा, जेणेकरून समुद्रावरून येणारी प्रत्येक झुळूक त्वचेपर्यंत पोचेल. अलिबागेत बिनबाह्यांचे कपडे घालून वाढलेल्या पोरीला नागपुरात पूर्ण बाह्या लागणार, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला.

मग काळा रंग उन्हाळ्यात चालेल का? सिनाई आणि नेगेवच्या वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे घालतात. हे कसं सोसतं म्हणून 1980 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला. वाळवंटाच्या उन्हात एका माणसाला आळीपाळीने काळा झगा, पांढरा झगा आणि इतर कपडे घालून उभं केलं. काळं कापड जास्त तापलं, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. जास्तीची उष्णता झग्याआड खेळणाऱ्या हवेने मधल्यामधेच बाहेर नेली. हे साधतं ते सैल झग्याला. अंगाला चिकटलेल्या काळ्या टी-शर्टला ती मधली हवा मिळत नाही, तो सरळ चटका देतो.

कापड कशाचं, हेही बघायला हवं. कोरड्या दिसणाऱ्या सुती धाग्यात त्याच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के हवेतलं पाणी मुरलेलं असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. सुती कापड घाम पितं, म्हणून उन्हाळ्यात ते सुखाचं. पण पावसाळ्यात तेच दोरीवर दोन दिवस वाळत नाही, आणि तेव्हा पॉलिएस्टरची मिसळ असलेलं कापड कामाला येतं. फक्त ते रोज धुवावं. घामाचा वास तयार करणारे काही जिवाणू सुतापेक्षा पॉलिएस्टरवर जास्त वाढतात, असं बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांना 2014 साली आढळलं. थंडीचं तर सरळ आहे. ऊब लोकरीपेक्षा तिच्यात अडकलेल्या हवेची असते, म्हणून एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ थर घाला.

भाची निघायच्या आदल्या दिवशी अलिबागेत तोच राखाडी कुर्ता घालून बाजारात गेली आणि काखेत, पाठीवर मोठे काळपट डाग घेऊन परतली. रडवेली झाली होती. राखाडीवर घाम सगळ्यात जास्त दिसतो. कोरड्या कापडात धाग्यांच्या मधे हवा असते, तिथे प्रकाश विखुरतो आणि परत डोळ्याकडे येतो. हवेची जागा पाण्याने घेतली की प्रकाश विखुरण्याऐवजी आत शिरतो आणि रंगात शोषला जातो, तेवढा भाग गडद होतो. काळ्यावर आणखी गडद व्हायला वाव नसतो. पांढऱ्यावर डाग पडत नाही, पण तो भिजला की आरपार दिसतं, हे पावसाळ्यात लक्षात ठेवावं.

मे महिन्यात तिचा नागपूरहून फोन आला. "मावशी, इथे राखाडी कुर्त्यावर डागच पडत नाहीत! मला घामच येत नाहीये." मी म्हटलं, कुर्ता काढशील तेव्हा पाठीची बाजू उजेडात धरून बघ. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. आडव्या काळ्या रेघांवरून वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, मिठाच्या. दिवसभर घाम येत होता आणि तिला कळायच्या आत वाळत होता. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत दीड लिटरची पाण्याची बाटली आली.