कर्नलमधली एक ओळ काढताना

एप्रिल 2016मध्ये हार्बर मार्गावरची डीसी वीज बंद झाली. 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला सुरू झालेली 1500 व्होल्टची ती व्यवस्था मुंबईच्या लोकलमधून कायमची गेली आणि सगळीकडे 25,000 व्होल्टची एसी आली. मधली काही वर्षं दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या लागत होत्या. आता ती दुहेरी सोय कुणासाठी ठेवायची?

लिनक्सच्या कर्नलपुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापुढे, हाच प्रश्न होता. 1991मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तो लिहिला इंटेलच्या 386 प्रोसेसरवर. या प्रोसेसरची एक मोठी उणीव होती. मेमरीच्या पानावर, म्हणजे तिच्या एका ठरावीक तुकड्यावर, ‘फक्त वाचा’ अशी खूण केली, तरी खुद्द कर्नलला ती अडवत नसे. त्यामुळे वापरकर्त्याच्या पानावर लिहिण्याआधी कर्नलला स्वतःच तपासणी करावी लागे. पुढच्या 486 प्रोसेसरमध्ये डब्ल्यूपी नावाचा बिट, म्हणजे चालू-बंद करायचं एक बटणच, आला आणि तो लावला की कर्नललाही ती खूण पाळावी लागू लागली. तरी 386साठीच्या आडवाटा कोडमध्ये राहिल्याच. डिसेंबर 2012मध्ये कर्नलचे एक विकासक इंगो मोल्नार यांच्यामार्फत त्या निघाल्या आणि लिनक्स 3.8पासून 386चा आधार संपला.

हे तुलनेने सोपं काम. प्रोसेसरच जुना झाला, की त्याच्यासाठीचं कोडही जातं. खरी कसोटी असते ती दोनदा केलेल्या कामाची. प्रोसेसर सुरू होताना त्याच्या नियंत्रण-रजिस्टरमधले, म्हणजे आतल्या छोट्या साठवण-जागेतले, बिट लावावे लागतात, आणि प्रत्येक कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणन-भागाची, रजिस्टरं वेगळी, म्हणून हे काम प्रत्येक कोअरवर करावं लागतं. वाचताना एकच बिट दोन ठिकाणी लावलेला दिसतो. एक ओळ फालतू वाटते.

डोंबिवलीच्या घरी जुन्या लॅपटॉपवर मी अशीच एक ओळ काढली. कर्नल नव्याने बांधला, मशीन छान सुरू झालं, दोन तास काम केलं. रात्री झाकण लावलं. सकाळी उघडलं तर पडदा काळा, कळ दाबूनही काही हलेना.

लॅपटॉप झोपतो तेव्हा प्रोसेसरची वीज जाते आणि रजिस्टरांतलं सगळं पुसलं जातं. मशीन सुरू होताना तो बिट पहिल्या जागी लागत होता, पण झोपेतून उठण्याची वाट तिथून जातच नव्हती. तिला दुसरीच ओळ हवी होती, मी काढलेली.

ओळ परत घातली आणि वर टीप लिहिली: झोपेतून उठताना लागते.